आमच्या बाजूनं सगळं ठीक

"…मग चूक नेमकी कुणाची, अक्का? तेवढं सांगा, म्हणजे झालं."

प्रद्युम्न शेडबाळेनं विचारलं आणि हाताची घडी घातली. निकाल आपल्याच बाजूनं लागणार, याची त्याला पक्की खात्री होती.

अक्का माळावरच्या मठात राहायच्या. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दात चार, पण हसणं अगदी बत्तिशीभर. आसपासच्या गावांतली भांडणं आधी त्यांच्याकडं यायची आणि उरलीसुरली कोर्टात जायची.

"आधी मला कळू दे तरी. अडलंय कुठं?"

अडलं होतं ते असं. प्रद्युम्नची छोटी कंपनी सॉफ्टवेअर लिहायची. यास्मिन मुल्लाची कंपनी दुधाचे इलेक्ट्रॉनिक काटे बसवायची. दिगंबर कोष्टीची गावोगाव इंटरनेट जोडून द्यायची. एकट्यादुकट्याला कोण मोठं काम देतंय? म्हणून तिघांनी मिळून तालुक्याच्या दूध संघाचं काम घेतलं. बावीस गावांत काट्यावर दूध ठेवलं, की वजन तत्काळ संघाच्या ऑफिसात दिसलं पाहिजे.

चार दिवस झाले, ऑफिसात नुसतं शून्य दिसत होतं.

"यास्मिन म्हणते काटा बरोबर. दिगंबर म्हणतो नेट बरोबर. आणि आमच्या बाजूनं तर सगळं ठीकच आहे!"

"आमच्याही बाजूनं," यास्मिन मागून फणकारली.

"आमच्याही," दिगंबर म्हणाला.

"अरे वा! तिघंही बरोबर…" अक्कांनी मान डोलावली. "मग दूधच चुकलं म्हणायचं."

यास्मिननं हसू ओढणीत दाबलं. प्रद्युम्नला कुठलं हसू येतंय? आज संध्याकाळपर्यंत वजन दिसलं नाही, तर काम शहरातल्या एका बड्या कंपनीकडं जाणार, असं संघाच्या माणगावेसाहेबांनी सकाळीच ठणकावलं होतं. ते काम गेलं, की त्याचं सहा माणसांचं ऑफिसही गेलं.

"आज अमावास्येची पंगत आहे," अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "वाढायला माणसं कमी पडलीत. वाढा आधी. न्याय कुठं पळून चाललाय?"

आली का पंचाईत! पण अक्कांना नाही कोण म्हणणार?

प्रद्युम्नच्या हातात भाताची परात आली. यास्मिननं आमटीची बादली उचलली. दिगंबरला पाण्याचा जग मिळाला. अक्का स्वतः पंगतीत मधोमध मांडी घालून बसल्या.

प्रद्युम्ननं मोठ्या झोकात वाढायला सुरुवात केली. एक शीत सांडेल तर शपथ!

तो अक्कांपुढं पोचला आणि अक्कांना ठसका लागला.

"पाणी…"

"माझ्याकडं भात आहे, अक्का," प्रद्युम्न अदबीनं म्हणाला. "पाणी दिगंबरकडं."

अक्का खोकतच होत्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"दिगंबर! अरे, पाणी!"

"जग भरलेलाच आहे!" दिगंबर पंगतीच्या पार त्या टोकाहून ओरडला. "ओळीनं येतोय!"

"आमटी तिखट नाही हं," यास्मिननं लगोलग सांगून टाकलं. "आचाऱ्यानं स्वतः चव बघितलीय."

अक्कांचा चेहरा लालबुंद झाला. जेवणारे हातातले घास तसेच धरून बघत राहिले…

प्रद्युम्ननं परात खाली ठेवली आणि धूम ठोकली. दिगंबरच्या हातातून जग हिसकावून घेतला, अर्धा स्वतःच्या सदऱ्यावर सांडला आणि उरलेला अक्कांच्या ओठांना लावला.

अक्का घटाघटा प्यायल्या. ठसका थांबला. खरा होता की खोटा, देव जाणे.

प्रद्युम्न भिजल्या सदऱ्यानं तसाच उकिडवा बसून राहिला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"माणगावेसाहेब, शेडबाळे बोलतोय… नाही, तुम्ही आता कुणालाच फोन करू नका. पहिल्या गावातल्या दूध केंद्रावर आम्ही स्वतः येतोय… चूक? कुणाची का असेना साहेब, वजन दिसल्याशिवाय आम्ही तिथून हलत नाही."

"आम्ही म्हणजे?" यास्मिननं विचारलं.

"म्हणजे तू, मी आणि हा जगवाला. एकाच गाडीतनं. आणि तिथं 'आमच्या बाजूनं' असं जो कोणी म्हणेल, त्यानं घरी चालत यायचं."

"मग तूच चालत येणार," यास्मिन म्हणाली. दिगंबर खो खो हसला. चार दिवसांत तिघं पहिल्यांदाच एकत्र हसत होते.

निघताना प्रद्युम्न अक्कांच्या पाया पडला. कान लाल झाले होते त्याचे.

"चुकलो, अक्का. तुमचा जीव कासावीस होत होता, आणि मी पाणी कुणाकडं आहे ते बघत बसलो."

अक्कांनी भात कालवता कालवता मान वर केली.

"बघशील नाही तर काय, बाबा… घसा माझ्याकडं होता."