निसर्ग कॉलनीतली खुडूक कोंबडी

एका गावात एक भोळा माणूस होता. पुढे गाव वाढत वाढत शहर झालं. भोळा माणूस तेवढा होता तसाच राहिला. त्याचं नाव मार्तंड.

मार्तंड अंगानं रेड्यासारखा दांडगा आणि मनानं वासरासारखा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. तोच तर सगळा घोळ होता.

तो राहायचा निसर्ग कॉलनीत. तिथे पूर्वी निसर्ग होता, म्हणून हे नाव. आता जिथे तिथे फरशा बसवल्या होत्या, आणि लोक सकाळी त्या फरशांवरून हात हलवत फिरायचे आणि एकमेकांना सांगायचे, निसर्गाच्या जवळ राहायला हवं. मातीचं परस उरलं होतं ते एकट्या मार्तंडच्या घरामागे. त्याच्या चुलत्यानं ते घर त्याच्या नावावर केलं, तेव्हा परसावर फरशी घालायचं राहून गेलं होतं.

मार्तंडची बायको इंदू. तिचं सगळं बालपण कोंबड्यांच्या मागे धावण्यात गेलेलं. शहरात येऊन तिला वर्ष झालं आणि एके दिवशी तिनं कपबशी खाली ठेवली.

"अहो, मला परसात चार कोंबड्या हव्यात."

"बरं," मार्तंड म्हणाला.

"बरं नाही. कॉलनीची परवानगी लागते. महिनाअखेरच्या रविवारी समिती परस बघायला येणार आहे. परवानगी मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर सोमवारच्या एसटीनं मी माहेरी. कोंबड्यांशिवाय करमत नाही मला. तुमच्याशी बोलून बोलून किती बोलणार?"

मार्तंडनं आपलीही कपबशी खाली ठेवली. इंदूवर त्याचा फार जीव. तिच्याशिवाय त्याला काय करायचं ते कोण सांगणार?

कॉलनीचे अध्यक्ष होते राजहंसकाका. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, "कोंबड्या म्हणजे घाण!" कॉलनीत अंडी सगळेच खायचे. गवतात बागडणाऱ्या कोंबडीचं चित्र असलेल्या खोक्यातून ती यायची. चित्रातली कोंबडी सर्वांना पसंत होती. पिसांची असली, की मग घाण. काका स्वतः ऑम्लेट खायचे ते स्टेशनजवळच्या गाडीवर, इकडेतिकडे बघून.

इंदूनं ठरवलं, समिती येईल तेव्हा परस असं दिसलं पाहिजे, की नाही म्हणायला जीभ रेटू नये. तिनं भावाला निरोप धाडला. भावानं एसटीच्या कंडक्टरबरोबर गावठी अंडी पाठवली.

"जा, घेऊन या," इंदू म्हणाली. "उबवायची अंडी आहेत. छातीशी घट्ट धरून आणा."

मार्तंडनं अंडी छातीशी धरली. घट्ट धरली. स्टँडपासून घरापर्यंत त्यानं मिठी जरासुद्धा सैल केली नाही. घरी आला तेव्हा सदरा पिवळा झाला होता आणि चपलेतून पचपच आवाज येत होता.

"अहो, हे काय!"

"घट्ट धरली."

इंदूनं कपाळाला हात लावला. "असली नाजूक गोष्ट टोपलीत आणायची. खाली भुसा, वर भुसा, मध्ये ती नीट पुरायची. वरून फडकं गच्च बांधायचं आणि वाटेत उघडायचं नाही."

"एवढंच ना?" मार्तंड म्हणाला. "पुढच्या वेळी."

दोन दिवसांनी भावानं कोंबडी पाठवली. तांबडी, तुकतुकीत, इंदूच्या लाडक्या कोंबडीची लेक. मार्तंड टोपली आणि भुसा घेऊनच स्टँडवर गेला. कंडक्टर म्हणाला, "पावनं, हे काय करताय?" मार्तंड म्हणाला, "नाजूक आहे." त्यानं खाली भुसा घातला, वर भुसा घातला, मध्ये कोंबडी पुरली, फडकं गच्च बांधलं. वाटेत टोपली तीनदा उडाली. त्यानं ती उघडली नाही.

घरी इंदूनं फडकं सोडलं. कोंबडी बाहेर आली, शिंकली, मार्तंडकडे बघून पुन्हा शिंकली आणि शेवग्याच्या झाडावर जाऊन बसली.

"अहो, मारली असती ना! कोंबडी कशी आणतात? पाय सुतळीनं बांधायचे, डोकं खाली करायचं आणि लोंबकळत आणायची. मुकाट येते."

"एवढंच ना? पुढच्या वेळी."

"पुढची वेळ निराळी असते हो," इंदू म्हणाली. मार्तंडनं ते ऐकलं नाही. तो पाठ करत होता. पाय बांधायचे, डोकं खाली, लोंबकळत.

मग इंदूनं विचार केला, राजहंसकाकांना आधीच जरा गोड करून ठेवावं. तिनं पातेलंभर शेवयांची खीर केली. वेलदोडा घातला, बेदाणे घातले.

"ही काकांकडे पोचवा. नीट न्या बरं का."

मार्तंडनं सुतळी घेतली. पातेल्याला पाय नव्हते. तो जरा वेळ अडला. मग त्यानं पातेल्याचे कान बांधले. डोकं खाली केलं आणि पातेलं लोंबकळत काकांच्या दारात नेलं. खीर खरंच मुकाट गेली. घरापासून काकांच्या पायरीपर्यंत फरशांवर तिची रेघ होती. त्या संध्याकाळी निसर्ग कॉलनीतल्या मुंग्यांनी दिवाळी केली. काकांनी मुंग्या बघितल्या आणि ओरडले, "अजून कोंबड्या आल्या नाहीत, तर ही दशा!"

घरी इंदू म्हणाली, "अहो, असं काही दारात द्यायचं तर सरळ धरायचं. बेल वाजवायची. हसायचं. दोन्ही हातांनी पुढं करायचं आणि म्हणायचं, 'घरचंच आहे, तोंड गोड करा.' माणसं कशी विरघळतात बघा."

"एवढंच ना? पुढच्या वेळी."

शेजारच्या सोनटक्केवहिनी समितीवर होत्या. त्यांना गुलाबांचं वेड. त्या गुलाबांसाठी सेंद्रिय खत मागवायच्या. ते चकचकीत पाकिटातून यायचं आणि पाकिटावर गाय हसत असायची. इंदूला वाटलं, वहिनींना कोंबडीखताचा गुण कळला तर एक मत तरी पक्कं. तांबडीनं आठवडाभरात दिलं होतं ते सगळं तिनं गोळा केलं, डब्यात भरलं आणि मार्तंडच्या हातात दिलं.

"वहिनींना द्या."

मार्तंडनं डबा सरळ धरला. बेल वाजवली. हसला. दोन्ही हातांनी डबा पुढं केला.

"वहिनी, घरचंच आहे. तोंड गोड करा."

"अय्या, भावजी! कशाला एवढं?" वहिनी विरघळल्या. त्यांनी घरातून चमचा आणला. झाकण उघडलं. मग दार बंद केलं.

मार्तंड दारापाशी बराच वेळ हसत उभा राहिला. इंदूनं अर्धंच शिकवलं होतं. पुढं कधी निघायचं, ते सांगितलं नव्हतं.

इंदू स्वतः गेली, वहिनींची माफी मागितली, खत झाडाला घालून दिलं. परत आली ती हात धूत बोलली. "ते हातात नसतं द्यायचं. झाडाच्या बुंध्याशी माती उकरायची, आत घालायचं, वर माती लोटायची आणि तांब्याभर पाणी. मग बघा कसं फोफावतं."

"एवढंच ना? पुढच्या वेळी."

पुढची वेळ शनिवारी आली. इंदूचा भाऊ या खेपेला अंडी स्वतः घेऊन आला, म्हणून ती धड आली. तो जाताना बहिणीच्या कानात म्हणाला, "ताई, सोमवारी मी स्टँडवर थांबतो." त्याला भावोजी माहीत होते. तांबडी कोंबडीही नेमकी त्याच दिवशी खुडूक बसली. म्हणजे अंडी घालायची थांबली आणि उबवायला बसली. इंदू हरखली. समितीपुढे अंड्यांवर शांत बसलेली कोंबडी असेल, तर कोण नाही म्हणेल?

"अहो, निम्मी अंडी बाजूला ठेवा आणि निम्मी घालून टाका. मी दळण घेऊन येते."

ती परत आली तेव्हा मार्तंड शेवग्याखाली तांब्या घेऊन उभा होता.

"अंडी कुठायत?"

"पेरली."

"काय?"

"बुंध्याशी. वर पाणी घातलं. फोफावतील आता."

इंदू शेवग्याखाली बसली. रडावं की हसावं हे तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मग डोळे पुसले आणि मार्तंडला तांबडीपुढे नेऊन उभं केलं. या वेळी तिनं काहीच सांगायचं बाकी ठेवलं नाही.

"नीट बघून घ्या. खुडूक कशी ओळखायची? अंग फुगवून एका जागी बसते. दिवसभर कुरकुरते. कुणी जवळ गेलं की टोचायला धावते. आणि स्वतः एक अंडं देत नाही. कळलं?"

"कळलं."

"अशी दिसली की तिच्याखाली हळूच अंडी सरकवायची. वर हे डालगं झाकायचं." परसात कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं डालगं होतं, चांगलं कमरेएवढं. "मग ती किती का ओरडेना, उठू द्यायचं नाही."

"एवढंच ना?"

"पुढच्या वेळी म्हणू नका!" इंदू ओरडली.

मार्तंड ते म्हणाला नाही. मनात म्हणाला.

रविवारी समिती आली. परस झाडून लख्ख केलं होतं. तांबडी डालग्याशेजारी गवतात बसली होती. उरलेली निम्मी अंडी चहानंतर समितीसमोरच तिच्याखाली सरकवायची, असं इंदूनं ठरवलं होतं. सोनटक्केवहिनी चार हात लांब उभ्या राहिल्या, पण त्यांच्या गुलाबाला कळी आली होती आणि त्या गप्प होत्या. बाकीची माणसं शेवग्याखालच्या सावलीत उभी राहून म्हणू लागली, किती बरं वाटतं नाही इथं, अगदी गावाकडं आल्यासारखं.

"मी चहा टाकते," इंदू म्हणाली आणि नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "तुम्ही काही बोलू नका. मी शिकवलंय तेवढं लक्षात ठेवा."

ती आत गेली. हे तिनं करायला नको होतं.

राजहंसकाका कपडे धुवायच्या दगडावर बसले होते. छाती फुगवून बसले होते. ते म्हणाले, "वास येतो." मग म्हणाले, "आवाज होतो." तांबडी तेव्हा झोपली होती. कुणीतरी म्हणालं, "काका, पण स्वच्छ आहे हो." काका त्याच्या अंगावर धावले, बोट टोचून टोचून नियम सांगितला आणि परत दगडावर येऊन बसले. कोणीतरी विचारलं, "कोंबड्या कॉलनीचा ओला कचरा तरी संपवतील. त्या नकोत, तर मग कचऱ्याचं तुम्हीच काहीतरी सुचवा." काकांनी काहीच सुचवलं नाही. नुसते कुरकुरले.

मार्तंड टक लावून बघत होता. अंग फुगलेलं. जागा एकच. कुरकुर चालू. टोचायला धावते. स्वतः काही देत नाही.

त्याचा चेहरा उजळला. त्यानं उरलेली अंडी आणली.

"माझा सक्त विरोध आहे!" म्हणत काका दगडावरून अर्धवट उठले. मार्तंडनं हळूच अंडी सरकवली. काका बसले.

कच्च.

काकांनी तोंड उघडलं, तोवर मार्तंडनं डालगं झाकलं होतं. काका अंगानं किरकोळ होते. मोठा होता तो रुबाब, आणि रुबाब डालग्यात मावतो.

"काढ! अरे काढ हे!" डालगं ओरडलं.

"उठायचं नाही," मार्तंड डालग्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला. "ऊब लागायचीय अजून."

समितीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. खरं म्हणजे त्यांनी धावून जायला हवं होतं. पण राजहंसकाकांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी अनेक सभा सोसल्या होत्या, आणि बोलायला मिळालं असं पहिल्यांदाच घडत होतं.

"मतदान घेऊन टाकू या का?" सोनटक्केवहिनी हळूच म्हणाल्या.

"कोंबड्यांच्या बाजूनं कोण?"

हात वर झाले.

"विरोधात?"

डालगं हललं. पण हात काही दिसला नाही.

"मंजूर," वहिनी म्हणाल्या. कॉलनीतली सभा चहा यायच्या आत संपली, असं तोवर कधी झालं नव्हतं.

इंदू चहा घेऊन आली. तिनं आधी माणसं बघितली, मग डालगं बघितलं, मग नवरा बघितला आणि ट्रे खाली ठेवून धावली. डालगं उचललं. काका लाल झाले होते, आणि खालून पिवळे.

पण राजहंसकाका काहीही असले तरी नियमाचे पक्के होते. ते म्हणाले, "सभेत मंजूर झालं म्हणजे झालं. नियम तो नियम. फक्त माझा शिक्का लागेल. शिक्का घरी आहे. घरी जातो आणि मारतो." ते उठायला गेले, तर डालग्यात अवघडलेले पाय सरळच होईनात.

इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. चार कोंबड्या तिला परसात फिरताना दिसू लागल्या. सोमवारची एसटी दूर धूळ उडवत निघून जाताना दिसली. ट्रे ठेवताना चहा सांडला होता, काकांची पाठ पुसायला ओलं फडकं हवं होतं, आणि ते आणायला ती वळली. वळता वळता म्हणाली,

"अहो, काकांना जरा जपून घरी पोचवा. एवढं एक काम धड करा, की कोंबड्या आपल्या!"

निसर्ग कॉलनीत आज एकही कोंबडी नाही. परसावर फरशी आहे. तांबडी इंदूच्या माहेरी आहे, आणि इंदूही. पण त्या घडीला सगळं जमलं होतं. शिक्का तेवढा मारायचा होता, आणि मार्तंडला तर आता सगळंच पाठ होतं.

त्यानं सुतळी घेतली.

राजहंसकाकांच्या दारावरची बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. दारात मार्तंड उभा होता. हसत होता. दोन्ही हातांनी त्यानं राजहंसकाकांना पुढं धरलं होतं. पाय बांधलेले, डोकं खाली, लोंबकळत, मुकाट.

"काकू," मार्तंड म्हणाला, "घरचंच आहे. तोंड गोड करा."