ज्योतिरामचे हातमोजे

"चामडं कडक पडू नये म्हणून काय लावू, बाबा?"

सगुणाने पिशवीतून एक फडकं काढलं आणि दर्ग्याच्या कट्ट्यावर उलगडलं. आत चामडी हातमोज्यांचा एक जोड होता. फौंड्रीत भट्टीवर काम करणारे घालतात तसले. मनगटाच्या वर येणारे, तळव्याला दुहेरी चामडं लावलेले.

दस्तगीरबाबा हे त्या टेकडीवरच्या दर्ग्यात राहणारे म्हातारे फकीर. नव्याने लावलेले कडुनिंब शेरडांनी खाऊ नयेत म्हणून ते बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालत होते. हातातली फांदी त्यांनी खाली ठेवली नाही.

"कुणाचे?"

"आमच्या मालकांचे. गेले ते... काविळीनं. पोरगा आयटीआयला होता तवा."

"नाव काय त्यांचं?"

सगुणाने पदर सावरला. "ज्योतिराम," ती हळूच म्हणाली.

बाबांनी मान हलवली.

"तेल लावते, बाबा. मेण लावून बघितलं. तरी भेगा पडत्यात. ही करंगळी बघा. ह्यांची वाकडी होती, तर मोज्याचीबी तशीच वाकडी झाली. आता ती वाळून सरळ व्हायला लागलीय..."

ती थांबली. मग मान ताठ करून म्हणाली, "पेटीत ठेवलेत. आजपातुर कुणाचा हात लागू दिला न्हाई."

"कुणी मागितले होते?"

"पोरानं."

तिचा केदार आता त्याच फौंड्रीत, बाप उभा राहायचा त्याच भट्टीवर कामाला होता. नवे चामडी मोजे लाकडासारखे ताठ. बोटं मिटत नाहीत म्हणून तो कापडी घालायचा. मागच्या महिन्यात तापलेला साचा धरताना कापड जळलं आणि तळहातावर फोड उठले. डाव्या हाताने जेवता जेवता तो म्हणाला होता, "आई, पप्पांचे दे की."

सगुणाने उठून पेटीला कुलूप लावलं होतं.

"दिले तर भट्टीवर किती दिवस टिकतील, बाबा? चिंध्या होतील. मग माझ्याजवळ काय राहील त्यांचं?"

बाबांनी फांदी खाली ठेवली. कट्ट्यावरचे मोजे उचलले आणि हातात चढवले.

"बाबा!"

त्यांनी मूठ मिटली. उघडली. चामडं करकरलं. मग ते वळले आणि काट्यांच्या ढिगात त्यांनी हात घातला.

काटे चामड्यावर खरखरत होते. प्रत्येक वेळी सगुणा अर्धवट उठायची.

"ओरखडे पडत्यात हो..."

"पडू देत."

थोड्या वेळाने तिचं उठणं थांबलं. बाबांची तिच्याकडे पाठ होती. तिला फक्त मोजे दिसत होते. फांदी धरणारे, दाबणारे, माती सारखी करणारे. इतक्या दिवसांत ती बोटं हलताना तिने पाहिली नव्हती. कामावरून आल्यावर पाण्याचा तांब्या घ्यायला ज्योतिराम पंजा उघडायचा, तसाच एकदा उजवा पंजा उघडला...

ऊन उतरलं तेव्हा कुंपण झालं होतं. बाबांनी मोजे काढले, झटकले आणि तिच्या ओटीत ठेवले.

तिने एकात हात घातला.

आत ऊब होती. चामडं ओलसर, मऊ झालं होतं. तिने दुसराही हात घातला आणि दोन्ही पंजे गालांना लावले. बाबा रांजणावर जाऊन पाणी पिऊन आले, तरी ती तशीच बसली होती. डोळे मिटून.

"ऊब हाय, बाबा..."

"माझी हाय ती, पोरी."

तिने डोळे उघडले. एकेक बोट सोडवत मोजे काढले. तेलाचं पुन्हा विचारलं नाही. टेकडी उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते केदारच्या डब्यावर ठेवले. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात आत सरकवला.

"जरा ढिले हायत गं."

"बसतील."

सबंध पावसाळा त्याने ते वापरले. संध्याकाळी तो मोजे खुंटीला अडकवून हातपाय धुवायला मोरीत गेला, की सगुणा खुंटीजवळ जायची. गार पडायच्या आत हात घालायची. मोरीतलं पाणी थांबलं की चुलीपाशी परतायची. केदारला हे कधी कळलं नाही.

दिवाळी झाल्यावर ती पुन्हा टेकडी चढून आली. हातात पिशवी नव्हती.

"फाटले," ती म्हणाली.

बाबा कट्ट्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली.

"आधी अंगठा गेला. मग तळवा. केदारनं सुतळीनं शिवून थोडे दिवस चालवले. मग तिथंच टाकून आला. नवे घेतलेत त्यानं. आधी बोचायचे म्हणं, आता बसायला लागलेत हाताला."

"हं."

"मी गेले होते शोधायला... फौंड्रीच्या मागं जळकी वाळू टाकत्यात, त्या ढिगात. हातानं उकरलं सगळं. वॉचमन म्हणाला, मावशी, काय हरवलंय? मला सांगता येईना."

वारा सुटला होता. खाली एमआयडीसीतला भोंगा वाजला आणि थांबला.

"घरी येऊन पेटी उघडली. नुसतं फडकं. त्यालाबी आता ह्यांचा वास येत न्हाई... बाबा, लोक म्हणायचे, सगुणा लई धीराची. मी धीराची न्हवते हो. मला वाटायचं, हायत ते. पेटीत हायत."

तिचा आवाज कोरडा होता. डोळेही.

"आता कशाला धरून राहू?"

बाबा कट्ट्यावर थोडे सरकले आणि तिच्यासाठी जागा केली.

"बस, पोरी. ज्योतिराम आज गेला."