सात गाठींचं गाणं

कोणे एके काळी, कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, डोंगरांच्या कुशीत एक तळं होतं. तळ्याकाठी गाण्याचं वेड असलेलं गाव होतं. कमळं फुलली की एका संध्याकाळी सारं गाव काठावर जमायचं आणि डोळे मिटून एकच गाणं ऐकायचं. पाण्यावरून धुकं हळूहळू वर यायचं आणि गाणं त्या धुक्यातूनच येतंय असं वाटायचं.

पण या गावाला एक खोड होती. गाण्यात सात वळणं होती, म्हणून प्रत्येकाच्या हातात सात गाठींचा दोरा असायचा. गाणं सुरू झालं की बोटं दोऱ्यावरून सरकायची. गाठीबरोबर वळण आलं की माना डोलायच्या. नाही आलं, की माणूस नाराजीने उठून उभा राहायचा. निम्मं गाव उभं राहिलं, तर त्या गवयाने जन्मात पुन्हा गायचं नाही, असा तिथला रिवाज. देवाने कान दिलेले असून ही मंडळी बोटांनी ऐकायची, आता काय म्हणावं!

एका वर्षी गावाचा गवई फार थकला, म्हणून त्याची तरुण शिष्या गायला बसली. गाण्यावाचून तिला जगात दुसरं काही सुचत नसे. तीन वळणं तिने शिकवल्याप्रमाणे घेतली. मग तळ्याकडे पाहता पाहता तिचा सूर आपोआप खाली उतरला आणि पाण्यावर तरंगल्यासारखा तिथेच रेंगाळला. बोटांखाली चौथी गाठ आली. वळण काही आलं नाही.

"बिघडवलं गाणं!" पाटील ताडकन उठला.

"अहो, वाडवडिलांचं गाणं ते!" म्हणत आणखी माणसं उठली. तरी मुलगी गात राहिली. निम्म्याला एकच माणूस कमी होता, तेवढ्यात म्हातारा गवई काठी टेकत उठला. गुरूच उठलेले पाहून तिचा सूर तुटला. तिला रडू फुटलं.

म्हाताऱ्याने मात्र कमरेचा जुनाट दोरा काढून पाटलाच्या हातात दिला. "माझ्या गुरूंचा आहे. गाठी मोज."

"तीनच?"

"तीनच. पुढची चार वळणं माझी. मी ती पहिल्यांदा घेतली, तेव्हा सर्वांत आधी तुझा आजा उठला होता. थोडक्यात वाचलो मी. मग दरवर्षी ऐकून ऐकून तुम्हाला सवय झाली. वाडवडिलांचं कसलं रे, माझा तरुणपणचा आगाऊपणा तो!"

पाटील ओशाळला. दोरा बाजूला ठेवून तो खाली बसला. एकेक करत सगळे आपापले दोरे ठेवून बसले.

"गा पोरी," म्हातारा म्हणाला.

ती गायली. रिकाम्या हातांनी बसलेल्या गावाला पुढे काय येणार ते ठाऊक नव्हतं, आणि त्यातच किती गोडी होती! गाणं संपलं, तेव्हा सगळ्यांच्या माना डोलत होत्या. उभं राहून गवयाचा गळा बंद करण्याचा रिवाज त्याच दिवशी मोडला.

पुढे ती मुलगी म्हातारी झाली. तिच्या शिष्येने गाण्याला नवंच वळण दिलं, तेव्हा रागाने ती स्वतःच अर्धी उठली. मग एकदम थबकली, स्वतःशीच हसली आणि पुन्हा खाली बसून ऐकू लागली.

तात्पर्य : ओळखीचंच शोधत बसलेल्याला नवं ऐकू येत नाही, म्हणून आधी ऐकावं, मग पारखावं.