रिकाम्या कांडीचा धोटा

माग बोलायचे तेव्हाची गोष्ट. लिंबाजी विणकराच्या जुन्या मागावर उभे धागे ताणून झाले होते. आडव्या धाग्याची तेवढी वाट पाहायची होती. तो धागा इकडून तिकडे नेणारा धोटा आला, पण त्याच्या पोटातली, धागा गुंडाळायची कांडी रिकामी.

“चल, विण!” धोटा म्हणाला.

“धागा कुठाय?” मागानं विचारलं.

“कांडी आहे ना? मग झालं! शेजारच्या मागालाही रिकामीच मिळालीय, तरी खटाखट चाललाय. तू अडलास तर लिंबाजी चुलीत घालील.”

“घालू दे! जन्मभर अर्धाच राहीन, पण रिकाम्या कांडीला धागा म्हणणार नाही.”

संध्याकाळी लिंबाजी अडलेला माग फोडायला कुऱ्हाड घेऊनच आला. आधी शेजारच्या मागावरचं कापड उतरवायला गेला, तर हातात नुसते सुटे उभे धागे!

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि कांडी भरायला बसला.