टिकलीचा चोथा

एक होता बाजार. बाजाराच्या कडेला बांध. बांधात बीळ. बिळात राहायची टिकली.

टिकली म्हणजे उंदरी. एवढीशी. पण तिला तीन पिल्लं होती. एक मोठं, एक मधलं, एक शेंडेफळ. तिघांना नुकतेच दात आले होते. नवे दात फार शिवशिवतात. पिल्लं सारखी म्हणायची, "आई, चावायला दे."

घरात चावायला काही नव्हतं. टिकली सकाळीच निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. मळ्यातली गाजरं कधीच काढून झाली होती. एकच मागे राहिलं होतं. कुणालाच नको होतं. टिकलीनं ते उकरलं. लालभडक. लांबलचक. टिकलीपेक्षा मोठं.

गाजर दातात धरलं. ओढलं. थांबली. ओढलं. थांबली. ऊन वर आलं. टिकली दमली.

वाटेत सर्जामामाचं रसाचं दुकान होतं. मशीन फिरत होतं. घर्रर्र, घर्रर्र. सर्जामामा माणूस वाईट नव्हता. बोलघेवडा होता. तो म्हणाला, "टिकले, एवढं ओझं कशाला ओढतेस? रस काढून देतो. हलका. ना ओढायचा, ना चावायचा."

दमलेल्याला हलकं आवडतं. टिकली हो म्हणाली.

घर्रर्र. गाजर गेलं. रस आला. गाजर हातभर, रस पणतीभर.

टिकलीनं पणती घरी नेली. थेंब सांडू दिला नाही. पिल्लांनी तोंडं लावली. घट घट घट. संपला.

मोठं म्हणालं, "आई, गाजर कुठंय?"

मधलं म्हणालं, "आई, चावायला दे."

आणि शेंडेफळ? ते रडायलाच लागलं. तिघांची पोटं वाजत होती. गुडगुड, गुडगुड. भुकेल्या पोटी कोण निजतं? एकही पिल्लू निजेना.

टिकली पुन्हा निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

सर्जामामाला तिनं विचारलं, रस मिळाला, बाकीचं गाजर कुठंय? मामा हसला. बाकीचं म्हणजे चोथा, तो म्हणाला. चोथा कोण खातं? तो म्हशीच्या घमेल्यात टाकला. हवा तर म्हशीकडे माग.

"अर्ध्याच्या वर गाजर टाकून दिलंत, मामा," टिकली म्हणाली. पण मशीन सुरू झालं होतं. घर्रर्र, घर्रर्र. मामाला ऐकू गेलं नाही.

टिकली म्हशीकडे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"म्हशीबाई, म्हशीबाई, चोथा सोडा.
चोथा नाही, पिल्लं माझी निजेनात.
आणि माझे पाय दुखतात."

म्हशीपुढे घमेलं होतं. घमेल्यात चोथा होता. म्हैस त्याला तोंडही लावत नव्हती. रोज चोथा, रोज चोथा, ती म्हणाली, कंटाळा आला. मला हवा ज्वारीचा कडबा. कडाकडा चावावा, मग बसून रवंथ करावा. पण पुढ्यातलं असं कसं सोडू? आधी कडबा आण. मग चोथा सोडीन.

कडबा होता हौसाकाकूकडे. हौसाकाकू म्हणजे सर्जामामाची बायको. टिकली तिच्या दारी गेली. तुरु तुरु, तुरु.

"काकू, काकू, कडबा द्या.
काकू कडबा देईना, म्हैस चोथा सोडीना.
म्हैस चोथा सोडीना, पिल्लं माझी निजेनात.
आणि माझे पाय दुखतात."

काकू चुलीपुढे बसली होती. दोन्ही हात पिठात. समोर चूल नुसती धुमसत.

"आमच्या ह्यांनी गाजर पिळलं होय तुझं?" काकू म्हणाली. "ते दिसेल ते पिळतात. पण मी काय करू, बाई? चूल पेटेल, तेव्हा भाकरी होईल. भाकरी होईल, तेव्हा मी उठेन. चुलीलाच सांग."

टिकली चुलीकडे वळली. दोनच पावलं. तीही जड.

"चूलबाई, चूलबाई, पेट घ्या.
चूल पेटेना, काकू कडबा देईना.
काकू कडबा देईना, म्हैस चोथा सोडीना.
म्हैस चोथा सोडीना, पिल्लं माझी निजेनात.
आणि माझे पाय दुखतात."

चूल धुरातून बोलली. फूs फूs. लाकडं ओली आहेत, ती म्हणाली. ओल्यानं धूर होतो, जाळ होत नाही. वाळक्या काटक्या हव्यात. बाभळीकडे आहेत. आधी काटक्या आण. मग पेटेन.

बाभूळ होती ओढ्यापलीकडे. टिकली गेली. तुरु तुरु. थांबली. तुरु तुरु. थांबली.

"बाभळीआजी, काटकी टाका.
बाभूळ काटकी टाकीना, चूल पेटेना.
चूल पेटेना, काकू कडबा देईना.
काकू कडबा देईना, म्हैस चोथा सोडीना.
म्हैस चोथा सोडीना, पिल्लं माझी निजेनात.
आणि माझे पाय दुखतात."

बाभूळ म्हातारी होती. कंबर ताठलेली. अंगावर वाळक्या काटक्याच काटक्या.

"घे की, पोरी," ती म्हणाली. "मी कुठं धरून ठेवल्यात? पण मला हलता येत नाही. वारा हलवतो, तेव्हा मी हलते. वाऱ्याला बोलाव."

वारा कुठे होता? कुंपणामागे. गवतात आडवा पडला होता. रुसला होता. टिकली गेली. तुरु... तुरु...

"वारेदादा, वारेदादा, सुटा जरा.
वारा सुटेना, बाभूळ काटकी टाकीना.
बाभूळ काटकी टाकीना, चूल पेटेना.
चूल पेटेना, काकू कडबा देईना.
काकू कडबा देईना, म्हैस चोथा सोडीना.
म्हैस चोथा सोडीना, पिल्लं माझी निजेनात.
आणि माझे पाय दुखतात."

वाऱ्यानं कूसही बदलली नाही. त्याचा पतंग कुंपणात अडकला होता. पिवळा पतंग, पांढरा दोरा. पतंग नाही तर मी नाही, वारा म्हणाला. मी काय नुसता धूळ उडवत फिरू? आधी दोरा तोड. मग सुटेन.

दोरा तिथेच होता. कुंपणाच्या काट्याला गुंडाळलेला.

"दोऱ्या, दोऱ्या, तूट रे.
दोरा तुटेना, वारा सुटेना.
वारा सुटेना, बाभूळ काटकी टाकीना.
बाभूळ काटकी टाकीना, चूल पेटेना.
चूल पेटेना, काकू कडबा देईना.
काकू कडबा देईना, म्हैस चोथा सोडीना.
म्हैस चोथा सोडीना, पिल्लं माझी निजेनात.
आणि माझे पाय दुखतात."

दोरा म्हणाला, मला तरी कुठं हौस आहे? काट्याशी गाठ बसली आहे. आपला आपण कोण तुटतं? कात्री आण. शिवा शिंप्याकडे आहे.

शिवा शिंपी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. ऊन कलायला लागलं होतं. टिकलीला वाटलं, इथेच बसावं. गवतात. वाऱ्याशेजारी. पण बिळात तीन पोटं वाजत होती.

ती उठली. तु... रु... तु... रु...

शिंप्याचं मशीन चाललं होतं. खडखड, खडखड. टिकली उंबऱ्यावर टेकली. आधी दम घेतला. मग म्हणाली,

"शिंपीदादा, कात्री द्या.
कात्री मिळेना, दोरा तुटेना.
दोरा तुटेना, वारा सुटेना.
वारा सुटेना, बाभूळ काटकी टाकीना.
बाभूळ काटकी टाकीना, चूल पेटेना.
चूल पेटेना, काकू कडबा देईना.
काकू कडबा देईना, म्हैस चोथा सोडीना.
म्हैस चोथा सोडीना, पिल्लं माझी निजेनात.
आणि माझे पाय दुखतात."

खडखड थांबली. शिवा शिंप्यानं चष्मा कपाळावर चढवला. टिकलीकडे पाहिलं. कात्रीकडे पाहिलं. कात्री टिकलीच्या चौपट होती.

"कात्री?" तो म्हणाला. "आणि तुला? परवा तुझ्या भावकीनं पाटलांच्या धोतराचा सोगा कुरतडला. सदऱ्याच्या दोन बाह्या कुरतडल्या. नवंकोरं झबलं कुरतडलं. तेव्हा कुणी आलं होतं का माझ्याकडे कात्री मागायला?"

टिकली उंबऱ्यावरून खाली उतरली.

"जा," शिंपी म्हणाला. "कात्री मिळायची नाही." आणि खडखड, खडखड.

टिकली परत निघाली. तु... रु... अर्ध्या वाटेत थांबली. पुढचा पाय तोंडाकडे नेला. वरचे दोन दात चाचपले. खालचे दोन दात चाचपले.

सगळा बाजार पालथा घातला. सगळ्यांच्या पाया पडली. आणि कात्री आपली तोंडातच. टिकलीला रागही आला आणि हसूही आलं. पण दोन्ही करायला त्राण नव्हतं. ती नुसती चालत राहिली.

कुंपण आलं. काट्यात दोरा. टिकलीनं तोंड उघडलं.

कुर्र कुर्र. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र.

कट्.

दोरा तुटला. पतंग उडाला. पतंग उडाला, वारा सुटला. सूंsss. वारा सुटला, बाभूळ हलली. बाभूळ हलली, काटक्या पडल्या. टप टप, टप टप. वाऱ्यानं त्या ओढ्यावरून उडवत नेल्या. थेट काकूच्या दारात.

काटक्या आल्या, चूल पेटली. धडधड, धडधड. चूल पेटली, भाकरी फुगली. भाकरी फुगली, काकू उठली. काकू उठली, कडबा दिला. कडबा मिळाला, म्हशीनं घमेलं सोडलं. कडाकडा, कडाकडा. तिनं टिकलीकडे वळूनही पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "ने सगळं."

टिकली घमेल्यावर चढली. आत सगळ्या बाजाराचा चोथा होता. बिटाचा काळपट. काकडीचा हिरवा. मोसंबीचा पिवळा. आणि मध्ये एक गोळा, लाल. गाजराचा.

टिकलीनं लाल तेवढा बाजूला काढला. धागा धागा वेचला. काकडीचं एक साल चिकटलं होतं, ते परत घमेल्यात ठेवलं.

सर्जामामा बादली घेऊन तिथे आला. पाहत उभा राहिला. तो म्हणाला, घमेलंभर आहे, घे की सगळा. कचराच तर आहे.

"कचरा नाही, मामा," टिकली म्हणाली. "गाजर आहे. माझं आहे, तेवढं नेते."

सर्जामामा बोलघेवडा खरा. पण आता त्यानं बादली खाली ठेवली. तो गोठ्याच्या दारातून बाजूला झाला. टिकलीला वाट दिली.

टिकलीनं चोथ्याचा गोळा केला. ढकलला. थांबली. ढकलला. थांबली. गोळा गोल होता. उतार होता. मागून वारा होता. तरी वाट लांबच वाटली.

बांध आला. बीळ आलं. आतून आवाज येत होता. गुडगुड, गुडगुड. टिकलीनं गोळा आत लोटला. तीन वाटे केले. आणि भिंतीला टेकली. पाय पसरले.

मोठ्यानं तोंड घातलं. कुरुम. मधल्यानं तोंड घातलं. कुरुम कुरुम. शेंडेफळानं तोंड घातलं. कुरुम कुरुम कुरुम.

गुडगुड थांबली. बिळात एकच आवाज राहिला. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. मोठं चावता चावता कलंडलं. मधलं त्याच्या अंगावर कलंडलं. दोघं निजली.

शेंडेफळ अजून चावत होतं. त्याच्या ओठातून एक लाल धागा लोंबत होता. डोळे मिटत होते, दात हलत होते.

"आई," ते म्हणालं, "हे संपतच नाही."

टिकलीनं डोळे उघडले नाहीत. शेपटी तेवढी त्याच्या पाठीवर टाकली.

"चाव, बाळा," ती म्हणाली. "सावकाश चाव."

कुरुम... कुरुम... कु... रुम...

घासाघासाची गोष्ट ही. घास पोटात, पिल्लं कुशीत, गोष्ट इथेच निजली.