वाटजाईच्या मोकळ्या जागेची कहाणी

ऐका वाटजाई, तुमची कहाणी.

आटपाट बंदर होतं. बंदरावर हरबा नावाचा गाडीवाला होता. रोज सकाळी तो पाहुण्यांना मोटारीत घाली, खाडीवरचा पूल दाखवी, सुरूचं बन दाखवी, मग घाट चढून माथ्यावरच्या देवीच्या दर्शनाला नेई. पाहुणे फोटो काढीत, वाहवा करीत, हरबाची छाती फुगे. घरी त्याची बायको येसू होती, म्हातारी आई होती.

आईचा नवरा होडी घेऊन दर्यावर गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून तिनं दर्याकडे पाठ केली होती. पण हल्ली तिची दृष्टी मंदावत चालली. मग तिला वाटू लागलं, डोळे आहेत तोवर एकदा डोंगरावर जावं. ती म्हणे, "हरबा, वरून सगळा दर्या दिसतो म्हणतात. तुझ्या बापाला ज्यानं नेलं, तो केवढा आहे ते मला एकदा बघू दे." हरबा म्हणे, "नेईन गं आये, उद्या नेईन." उद्या पाहुणे येत. परवा पाहुणे येत. तेरवा गाडी धुवायची असे.

त्या बंदरावरच्या गाडीवाल्यांत वाटजाईचा वसा होता. वाटजाईला देऊळ नाही, रस्ता हेच तिचं देऊळ. श्रावणातल्या मंगळवारी गाडीतली एक जागा मोकळी ठेवायची. वाटेत जो हात करील त्याला तिथं बसवायचं, वर पोचवायचं, भाडं मागायचं नाही. हरबानं वसा घेतला खरा. पण कधी कोणी ओली छत्री घेऊन बसे, कधी कोणी चिखलाचे पाय घेऊन बसे, आणि पाहुणे नाकं मुरडीत. मग हरबानं काय केलं? वाटजाईची रंगीत तसबीर आणली, मोकळ्या जागेवर ठेवली, हार घातला, वरून पट्टाही बांधला. म्हणाला, "देवीच बसली. आता जागा मोकळी कुठं?" बघा बायांनो, किती हुशार.

मंगळवार आला. आई धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "आज एक जागा मोकळी असते ना रे?"

"तिथं देवी बसलीय, आये."

आई आत गेली, लुगडं बदललं, घडी घालून ठेवलं.

हरबा निघाला. पुलाशी एका म्हातारीनं हात केला. "बाळा, मला वर ने." हरबा म्हणाला, "जागा नाही. देवी बसलीय." पुढे सुरूच्या बनाशी तीच म्हातारी उभी. "बाळा, मला वर ने." "जागा नाही. देवी बसलीय." घाटाच्या पायथ्याशी पुन्हा तीच. म्हणाली, "बरं, मला नको नेऊस. तुझ्या घरच्या म्हातारीला तरी नेलंस का?" हरबानं काच वर केली.

मग घाट लागला. धुकं उतरलं. हरबा वळणं घेत वर गेला, आणि बघतो तर पुढ्यात खाडीवरचा पूल. मागे फिरला, घाट चढला, पुन्हा पूल. तिसऱ्यांदा चढला, पुन्हा पूल. पाहुणे म्हणाले, "दादा, तुम्हाला रस्ता माहीत आहे ना?" मग ते उतरले आणि दुसऱ्या गाडीनं निघून गेले.

हरबा तोंड पाडून घरी आला. येसूनं विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. "अहो, देवी रस्त्यावर हात करून उभी होती, आणि तुम्ही तिच्या तसबिरीला पट्टा बांधून फिरवत होता."

हरबाला रडू आलं. "आता काय करू?"

"तसबीर देव्हाऱ्यात ठेवा. जागा मोकळी करा. आणि पहिलं नाही जिला म्हटलंत, तिच्यापासून सुरुवात करा."

पुढचा मंगळवार आला. आता आईच नको म्हणू लागली. "मला धड दिसत नाही रे. डोळे असलेल्या कोणाला ने." हरबानं ऐकलं नाही. तिचा हात धरला, गाडीत बसवलं, पट्टा बांधला. वाटेत सांगत गेला, "आये, पूल आला. आये, बन आलं. आये, आता घाट." गाडी चढली, वळली, माथ्यावर पोचली.

आई कठड्याशी गेली. खाली नुसतं धुकं. हरबानं हात जोडले. "वाटजाई, चुकलो मी. त्याचं हिला भोगायला लावू नकोस."

मग धुकं हललं. आईला शेजारी उभ्या हरबाचं तोंड नीट दिसत नव्हतं, पण दर्या दिसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, फार लांब गेले. इथून तर सगळं एकाच नजरेत मावतंय." आणि नवऱ्यासमोर घ्यावा तसा तिनं डोईवरून पदर घेतला.

घाई करू नये, गुर्मी करू नये, हात केलेल्याला मागे टाकू नये. जशी वाटजाई त्या माउलीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, आणि ज्या घरी कोणी वाट बघत बसलंय, तिथं आधी पावो. बंदरावरून निघालेली ही कहाणी माथ्यावर सुफळ संपूर्ण.