टिटवीबाईंचा पहिला तास

फार जुन्या काळी नदीकाठच्या गोट्यांवर टिटवीबाईंची शाळा भरे. पहिल्या तासाला पिल्लांनी गोट्यांत पडून नुसती नदी ऐकायची. बाईंनी आयुष्यभर हेच शिकवलं.

एकदा तपासणीला तितरराव आले आणि भडकले. "बाई, ही शाळा की धर्मशाळा? उद्यापासून बंद!"

"करा की! पण माझी पिल्लं तुमच्यासारखी उगाच कोकलत नाहीत."

तेवढ्यात ससाण्याची सावली पडली. तितरराव किंचाळत सैरावैरा धावले.

"नदी ऐका!" बाई म्हणाल्या. पिल्लं शांत पडली, गोट्यांत गोटे झाली. तितररावही धपकन त्यांच्यात आडवे झाले. ससाण्याला काहीच दिसेना, तो निघून गेला.

तरी तितरराव उठेनात.

"उठा," बाई मान ताठ करून म्हणाल्या. "तास संपला. उद्या वेळेवर या."